पाकिटातला मटार, जुडीतला पालक

डिसेंबर-जानेवारीत बेंगळुरूच्या बाजारात मागडीकडचा पावटा येतो, म्हणजे तिथली अवरेकाई. हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा, म्हणून मारतहळ्ळीतल्या मराठी घरांतही दाणे सोलून फ्रीजरमध्ये टाकले जातात. उरलेलं वर्ष तिथं मटाराच्या पाकिटाचं राज्य. बर्फातल्या भाजीत सत्त्व कुठलं, हा घरातल्या ज्येष्ठांचा आक्षेप मात्र बारमाही.

मटाराच्या बाबतीत तो पुरता टिकत नाही. शेंग तोडल्यावरही दाण्याचं श्वसन चालूच राहतं. साखरेचा स्टार्च होतो, क जीवनसत्त्व घटत जातं. कारखान्यात दाणे काही वेळ उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढून लगेच गार करतात आणि थंड हवेच्या झोतात सुटे सुटे गोठवतात. साठवण उणे 18 अंशांवर. त्या उकळीत क जीवनसत्त्व आणि फोलेट थोडं जातं, पण पुढची घट मंदावते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2015 साली आठ फळं-भाज्यांची तुलना प्रसिद्ध केली. गोठवलेल्या मालातलं क जीवनसत्त्व ताज्याइतकंच, काहींत तर जास्त भरलं. मटार, गाजर आणि पालकातलं बीटा कॅरोटिन मात्र बरंच उतरलं होतं. ज्येष्ठांनाही थोडे गुण द्यायलाच हवेत.

शिवाय ताजी कशाला म्हणायचं? उन्हाळ्यात हिमाचलातून आलेल्या मटाराने देश ओलांडलेला असतो. कोलार, मालूरच्या पालकाला मारतहळ्ळी जवळ. तो जुडीचाच घ्यावा आणि त्याच दिवशी शिजवावा.

कढईत खरा फरक पडतो तो पाण्यामुळे. गोठताना बर्फाचे स्फटिक भाजीच्या पेशी फोडतात. त्यामुळे काकडी कोशिंबिरीच्या कामाची राहत नाही, फ्लॉवर मऊ पडतो. उसळ, पुलाव, पालकाची पातळ भाजी यांना त्याचं काही वाटत नाही. फ्रोझन मटार आधीच अर्धवट शिजलेला असतो. न वितळवता, शेवटच्या पाचेक मिनिटांत घातला की पुरे. बहुतेक जण तो फोडणीतच टाकतात आणि मग चवीला नावं ठेवतात.

घरी पावटा ठेवताना हीच युक्ती: दाणे दोनेक मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कोरडे करून ताटात पसरून गोठवायचे आणि नंतर पिशवीत भरायचे. दुकानातलं पाकीट घेताना बाहेरून चाचपावं. दाणे सुटे लागायला हवेत. सगळ्यांचा मिळून एकच गोळा झाला असेल, तर माल वाटेत वितळून पुन्हा गोठला असण्याची दाट शक्यता.