इंग्रजी प्रिपोझिशनचे मराठी भाषांतर : वनहक्क अधिनियमाच्या अनुषंगाने

प्रास्ताविक :
चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू व बंगाली या मातृभाषा असलेले विद्यार्थी आढळतात. या सर्व भाषांत संबंधदर्शक घटक सामान्यतः नामानंतर येतो. इंग्रजीत प्रिपोझिशन नामापूर्वी येते. हा स्थानभेद विद्यार्थी लवकर आत्मसात करतात. खरी अडचण अर्थभेदाची असते. प्रस्तुत लेखात या अडचणीचा विचार वनहक्क अधिनियम, २००६ मधील उदाहरणांद्वारे केला आहे.

स्वरूपभेद :
प्रिपोझिशनचे कार्य मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये मिळून करतात. त्यामुळे एकास एक प्रतिशब्द मिळत नाही. 'बाय' या एकाच शब्दासाठी 'ग्रामसभेने', 'वैनगंगेकाठी' व 'सायंकाळपर्यंत' अशी तीन भिन्न रूपे योजावी लागतात. 'विथ' हे 'कुऱ्हाडीने' आणि 'मित्रासोबत' अशा दोन प्रकारे उतरते. इंग्रजीत पक्षी 'इन द ट्री' असतो. मराठीत तो झाडावर असतो.

अधिनियमातील उदाहरणे :
इतर पारंपरिक वननिवासींच्या व्याख्येत 'फॉर' दोनदा येते. पहिल्या ठिकाणी ते कालावधी दर्शविते. तेथे 'तीन पिढ्यांसाठी' असे भाषांतर केल्यास पुढील पिढ्यांच्या लाभाचा अर्थ निघतो. १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या किमान तीन पिढ्यांचे वास्तव्य ही मूळ अट लोप पावते. म्हणून तेथे 'पिढ्यांपासून' हेच रूप योग्य ठरते. दुसऱ्या ठिकाणी मात्र 'उपजीविकेच्या गरजांसाठी' हेच योग्य आहे.

त्याच व्याख्येतील 'रिसाइड इन'चे 'वनात राहणारे' हे भाषांतर शब्दशः अचूक आहे. परंतु त्याचा संकुचित अर्थ घेतल्यास वनालगतच्या गावांतील कुटुंबे वगळली जातात. प्रत्यक्ष वनाच्या आत न राहणारे, परंतु उपजीविकेसाठी वनावर अवलंबून असणारेही यात येतात, असे केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले.

कलम ३ मध्ये विवादित जमिनींच्या संदर्भात 'इन ऑर ओव्हर' अशी जोडी आहे. 'जमिनीतील हक्क' असे म्हटल्यास कोळसा व लोहखनिजाच्या या प्रदेशात वाचकाच्या मनात भूगर्भातील खनिजाचा विचार येणे स्वाभाविक आहे. येथे 'जमिनींविषयीचे किंवा जमिनींवरील हक्क' ही रचना अधिक निःसंदिग्ध होय.

उलट दिशेचे भाषांतरही विचारप्रवर्तक आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाच्या 'मावा नाटे माटे सरकार' या गोंडी घोषणेत 'नाटे' म्हणजे 'गावात'. इंग्रजीत येथे 'इन' योजले, तर स्थान कळते. 'ओव्हर' योजले, तर गावावर सत्ता गाजविण्याची छटा येते. घोषणेचा आशय स्वशासनाचा असल्याने 'इन' हेच इष्ट ठरते. याच गावाचा सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मान्य झाला.

निष्कर्ष :
प्रिपोझिशनच्या प्रतिशब्दांची यादी पाठ करून घेण्याऐवजी स्थान, काल, साधन, हेतू, अधिकार यांपैकी कोणता संबंध अभिप्रेत आहे, हे विद्यार्थ्यांना प्रथम ठरविण्यास शिकवावे. वनहक्काचे दावे ज्या भागात आजही दाखल होतात, तेथील भाषा-अध्यापकांसाठी हे केवळ व्याकरणाचे काम नाही. एका प्रत्ययाच्या निवडीवर एखाद्या कुटुंबाची पात्रता अवलंबून राहू शकते.