मातीत नोंदलेले भूकंप: गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९९३ची अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गावं झोपली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा परिसर हादरला. सुमारे १० हजार माणसं गेली. ‘आपल्याकडे असं कधी झालंच नव्हतं,’ असं मराठवाड्यात आजही म्हटलं जातं. माती काय सांगते?

गैरसमज: दख्खनचा कातळ पक्का आहे, तो हलत नाही.
वस्तुस्थिती: वेरूळची लेणी ज्या बेसाल्टात कोरली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. किल्लारीत त्याची जाडी जेमतेम ३४० मीटर भरते. त्याखाली कितीतरी प्राचीन खडक आहे आणि त्यातले जुने प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या भेगा, ताण साठला की पुन्हा सरकू शकतात.

गैरसमज: चर खणला की भेगेचं वय कळतं.
वस्तुस्थिती: वय काढता येतं ते थरांचं. प्रस्तरभंगाला आडवा चर खणून त्याच्या भिंती तासतात. तुटलेला थर भूकंपाआधीचा, त्यावर अखंड पसरलेला थर नंतरचा. भूकंप या दोहोंच्या मधला. थरात कोळसा मिळाला, तर रेडिओकार्बन पद्धतीने सुमारे ५० हजार वर्षांपर्यंतचं वय निघतं. कोळसा नसेल, तर वाळूच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं, ते मोजतात.

गैरसमज: जमिनीतली प्रत्येक चीर भूकंपाची.
वस्तुस्थिती: आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिची ढेकळं एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात आणि ते पृष्ठभाग प्रस्तरभंगासारखेच भासतात. म्हणून चीर खाली मुरमात, कातळात उतरली आहे का, दोन्हीकडचे थर वरखाली झाले आहेत का, हे आधी तपासावं लागतं.

गैरसमज: पोथीपुराणात उल्लेख नाही, म्हणजे भूकंप झालाच नाही.
वस्तुस्थिती: किल्लारीच्या वायव्येला तेर आहे, सातवाहनकाळातलं तगर. तिथे नदीनेच काठ कापून थर उघडे केले आहेत. त्या थरांतल्या विस्कटलेल्या रचनांवरून भूवैज्ञानिक सी. पी. राजेंद्रन यांनी १९९७ साली प्राचीन भूकंपाचा पुरावा मांडला. काळ अंदाजे दीड हजार वर्षांपूर्वीचा.

गैरसमज: चरावरून पुढच्या भूकंपाची तारीख सांगता येईल.
वस्तुस्थिती: चर शतकांच्या पल्ल्यात बोलतो, तारीख देत नाही. पण जिथे एकदा जमीन सरकली, तिथे घर भक्कम बांधायला हवं, हे तो बजावतो. किल्लारीत माणसं गाडली गेली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली, जड माळवदांखाली. भिंतीत जोत्याच्या आणि लिंटेलच्या पातळीवर काँक्रीटचे सलग पट्टे घालणं आपल्या हातात आहे. ते काम गवंड्याला आजच सांगता येतं.