टप्पा मोजणारी दुर्बीण

सांगलीच्या राजकारणात ‘टप्प्यात आला की कार्यक्रम’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे, की तो मुळात शिकाऱ्यांचा आहे हे आता कुणाच्या लक्षातही येत नाही. टप्पा म्हणजे बंदुकीचा पल्ला. सावज टप्प्यात आलं की नाही हे ओळखणं ही शिकाऱ्याची अर्धी विद्या, उरलेली अर्धी नेमाची. ‘हाकेच्या अंतरावर’, ‘दोन बांधांपलीकडं’, ‘ओढ्याच्या त्या काठाला’ अशी मापं डोळ्यांतच असायची. डोळा चुकला तर बार फुकट जायचा. कधी त्याहून वाईट व्हायचं: जनावर जखमी होऊन झाडीत शिरायचं आणि दोन-चार दिवसांनी कुठंतरी मरायचं.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत डोळ्यांचं हे काम एका दुर्बिणीनं उचललं आहे. ती रायफलवरच बसते. बटण दाबलं की समोरच्या जनावराचं अंतर मोजते, गोळी तिथवर पोचेपर्यंत किती खाली येईल याचा हिशेब करते आणि नेम कुठं धरायचा तो ठिपका काचेत पेटवून दाखवते. तिला स्मार्ट स्कोप म्हणतात. परवाना काढून हरणं मारता येतात अशा देशांत तिचं गिऱ्हाईक आहे. साताऱ्या-सांगलीत तसली हौसेची शिकार कायद्यानं बंद आहे. पण या दुर्बिणीचा गाभा, म्हणजे अंतर मोजणारा लेझर, इथल्या जंगलांच्या कामाला केव्हाच लागला आहे. त्याच्या गुणांची आणि खोडींची खरी परीक्षा बंदुकीवर न होता इथंच जास्त चांगली होते.

किरण जातो आणि येतो

पहिला लेझर अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी 1960 साली पेटवला. त्या दशकातच लष्करांनी त्याचा उपयोग अंतर मोजायला सुरू केला. तत्त्व विहिरीत दगड टाकून खोली अजमावण्यासारखं आहे: सोडायचं, परत येणाऱ्या खुणेची वाट बघायची, मधला वेळ मोजायचा. इथं दगडाच्या जागी डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा क्षणिक झोत असतो. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. शंभर मीटरवरच्या झाडाला लागून परत यायला त्याला सेकंदाचा पंधरा लाखावा भाग पुरतो. हा वेळ मोजणारं घड्याळ मुठीत मावेल एवढ्या डबीत बसवणं ही या यंत्राची खरी करामत.

हातातलं साधं रेंजफाइंडर डोळ्याला लावलं की मधोमध एक चौकोन किंवा फुली दिसते. ती झाडाच्या बुंध्यावर ठेवून बटण दाबायचं, की खाली आकडा उमटतो. चांगल्या यंत्रात चढ-उताराचा कोनही मोजला जातो, आणि सह्याद्रीत तर तो लागतोच. कड्यावरून खाली 30 अंशांच्या उतारावर सरळ रेषेत 200 मीटर अंतर भरलं, तर जमिनीला समांतर अंतर 173 मीटरच असतं. गोळीला खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण हिशेबात धरायचं तर हे दुसरं अंतर लागतं. डोंगरात वरून खाली मारलेली गोळी जनावराच्या पाठीवरून जाते, त्यामागचं कारण हेच.

बंदुकीवर चढल्यावर

बरिस कंपनीचा ‘एलिमिनेटर’, स्वारोव्हस्की या ऑस्ट्रियन कंपनीचा ‘डीएस’ ही या जातीची नावाजलेली यंत्रं. त्यांच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. नेहमीच्या हरणाच्या रायफलीचा नेम शंभर मीटरवर बसवलेला असेल, तर 300 मीटरवर गोळी साधारण हातभर खाली जाते आणि 400 मीटरवर जवळजवळ मीटरभर. अंतराचा अंदाज शंभर मीटरनं चुकला, तर काळजावर धरलेला नेम पायावर बसतो किंवा पोटात. दुर्बीण ही चूक पुसून टाकते. जखमी होऊन पळणारं जनावर कमी होणं ही शिकार मान्य असलेल्या देशांत मोठी गोष्ट आहे, आणि स्मार्ट स्कोपचे समर्थक तीच पुढं करतात. शिवाय आधी अंतर मोजायचं, मग बंदूक उचलायची ही दोन हातांची धांदल वाचते.

आता दुसरं पारडं. यंत्र अंतर मोजतं, वारा मोजत नाही. दरीतून येणारा आडवा वारा तेवढ्या पल्ल्यात गोळी वीतभर सहज सरकवतो. गोळीला 400 मीटर जायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि चरणारं हरीण तेवढ्यात एक पाऊल पुढं टाकू शकतं. ते कोणत्या क्षणी हलेल हे कोणतीही चिप सांगत नाही. दुर्बीण जड असते, महाग असते, बॅटरीवर चालते. आणि सगळ्यात खोल आक्षेप मनाचा आहे. काचेत ठिपका पेटला की जे अंतर काल आवाक्याबाहेरचं वाटायचं ते आज जवळचं वाटू लागतं. कमी जखमा व्हाव्यात म्हणून आणलेलं यंत्र माणसाला लांबून बार टाकायला धीर देतं, आणि वाचवलेल्या जखमा तिथं परत येतात.

टेक्सासच्या ‘ट्रॅकिंगपॉइंट’ कंपनीनं 2013 च्या सुमारास याची पुढची पायरी गाठली. शिकाऱ्यानं लक्ष्यावर खूण करायची, घोडा दाबून धरायचा. नळी खुणेच्या रेषेत आली की बार बंदूकच सोडणार. तिच्या सुरुवातीच्या रायफली 20 हजार डॉलरच्या वर होत्या. 2015 साली दोन संगणक-सुरक्षा संशोधकांनी वाय-फायमधून तिच्यात शिरून गोळीच्या वजनाचा आकडा बदलला आणि नेम शेजारच्या लक्ष्यावर नेऊन दाखवला. शिकाऱ्याला काचेत सगळं ठीकच दिसत होतं.

म्हणून शिकारीच्या देशांतही यावर एकमत नाही. थिओडोर रूझवेल्ट यांनी 1887 साली स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब ‘फेअर चेस’ म्हणजे जनावराला निसटायची खरी संधी ठेवणारी शिकार, हे तत्त्व मांडत आला आहे. आयडाहो राज्यानं मोठ्या जनावरांच्या शिकारीत बंदुकीवर किंवा स्कोपमध्ये इलेक्ट्रॉनिक साधन असण्यावर कितीतरी वर्षं बंदी ठेवली. उजळणारी फुली तेवढी चालायची. टप्पा ओळखणं हे ज्याचं त्यानं करायचं काम आहे, असाच त्याचा अर्थ.

इथला कायदा, इथली बंदूक

आपल्याकडं हा वाद कायद्यानं मुळाशीच मिटवला आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम 9 नं शिकारीला बंदी घातली. शिकार या शब्दात मारण्याबरोबर पकडणं, सापळा लावणं आणि तसा प्रयत्न करणं हेही येतं. अपवाद कलम 11 चा: माणसाच्या जिवाला धोका झालेलं जनावर, किंवा पिकांची नासधूस करणारी काही जनावरं. त्यासाठीही अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. रानडुकरांनी भुईमुगाचं किंवा मक्याचं रान उलथून टाकलेला शेतकरी या कलमाकडं आशेनं बघतो, ते याचसाठी.

पण त्याच्या हातात काय असतं? शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक स्पष्ट सांगितली आहे. फार तर बारा बोअरची दुनळी. तिच्या छऱ्याचा भरवशाचा टप्पा चाळीस-पन्नास मीटर. तेवढं अंतर डोळ्यांना बरोबर कळतं. अशा बंदुकीवर चारशे मीटरचा हिशेब करणारी दुर्बीण चढवणं म्हणजे बैलगाडीला स्पीडोमीटर लावण्यासारखं आहे. आणि चोरट्या शिकाऱ्याला तर तिची गरजच पडत नाही. फासा, विजेची तार आणि डुकरांसाठी ठेवलेला गावठी बॉम्ब यांना नेमच धरावा लागत नाही.

रानात चालणारा लेझर

बंदूक बाजूला ठेवली की या यंत्राचं इथलं खरं काम दिसतं. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत त्याचं सुमारे 1165 चौरस किलोमीटर क्षेत्र पसरलं आहे. सेनापती, सुभेदार आणि बाजी अशी नावं मिळालेले नर वाघ इथं कॅमेऱ्यांत दिसले. नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोबातून एक वाघीण चांदोलीत आणली गेली. वाघ आणणं एक आणि तो टिकणं दुसरं. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास खुरी जनावरं लागतात. तेव्हा गवे, सांबर, भेकर, रानडुकरं किती आहेत हे कळल्याशिवाय पुढचं सगळं हवेत राहतं.

ही मोजणी रेषा विभाजन पद्धतीनं करतात. बोलताना सगळे ‘ट्रान्झॅक्ट लाईन’च म्हणतात. जंगलात साधारण दोन किलोमीटरची सरळ रेषा आखलेली असते. पहाटे वनरक्षक आणि सोबती तिच्यावरून हळू, न बोलता चालतात. जनावर दिसलं की चार गोष्टी टिपायच्या: जात, संख्या, रेंजफाइंडरनं अंतर आणि होकायंत्रानं दिशा. कळपाचं अंतर त्याच्या मधोमध धरायचं. जनावर पहिल्यांदा जिथं दिसलं तिथलंच अंतर हवं असतं. त्यामुळं गवा उठून गेला, तर तो ज्या झाडाशी उभा होता त्या बुंध्यावर किरण मारायचा. चांगला वनरक्षक जनावर पाहतानाच शेजारचं झाड मनात धरून ठेवतो.

आकड्याची किंमत इथं कळते. सांबर 60 मीटरवर, रेषेशी 30 अंशांचा कोन करून दिसलं, तर रेषेपासून त्याचं काटकोनातलं अंतर 30 मीटर. नुसत्या नजरेनं 60 चे 40 समजले, तर तेच 20 मीटर होतं. प्रत्येक नोंदीत अशीच चूक झाली, तर हिशेबात जंगलाची पट्टी दोन-तृतीयांश रुंदीची धरली जाते आणि शंभर सांबरांची दीडशे होतात, तीही कागदावर. वाघ मात्र कागदावरची सांबरं खात नाही. शिकाऱ्याच्या अंदाजातली चूक एका जनावराला भोवते, मोजणाऱ्याची चूक सगळ्या जंगलाला.

खोडी इथंही आहेतच. किरण समोर जे पहिलं येईल त्याला लागून परततो. कारवीची फांदी आड आली तर आकडा फांदीचा. काही यंत्रांत जवळचा परतावा सोडून लांबचा धरायची सोय असते, पण ती योग्य वेळी चालू करायची आठवण माणसालाच ठेवावी लागते. धुक्यात किरण विखुरतो, आणि चांदोलीच्या सड्यांवर धुकं काही पाहुणं नाही. त्याहून मोठी अडचण यंत्राच्या हद्दीबाहेरची आहे. या पद्धतीचे जाणकार एका जातीच्या किमान 60 ते 80 नोंदी मागतात. सदाहरित, गच्च झाडीत एवढी जनावरं दिसणंच कठीण. न दिसलेल्या सांबराचं अंतर लेझर मोजू शकत नाही. म्हणून विष्ठेच्या खुणा आणि कॅमेरा ट्रॅप यांची जोड द्यावी लागते.

डार्टचा टप्पा

टप्प्याचा प्रश्न सगळ्यात नाजूक होतो तो डार्ट मारताना. कराड, वाळवा, शिराळा या उसाच्या पट्ट्यात बिबट्या आता नवा राहिलेला नाही. 2021 च्या अखेरीस सांगलीच्या मार्केट यार्डात गवा शिरला होता. अशा वेळी भुलीचं इंजेक्शन बंदुकीनं मारावं लागतं. ही बंदूक वायूच्या दाबावर चालते आणि दाब अंतराप्रमाणं ठेवावा लागतो. जवळून जास्त दाबानं मारलं तर डार्ट मांसात खोल घुसून इजा करतो. लांबून कमी दाबानं मारलं तर वाटेतच पडतो आणि बिथरलेलं जनावर गर्दीकडं वळतं. त्यामुळं पशुवैद्याला अंतर बरोबर कळणं फार मोलाचं.

पण एक मेख आहे. बाजारातली बरीच रेंजफाइंडरं एक मीटर इकडं-तिकडं होतात. तीनशे मीटरवर एका मीटरला कोण विचारतो? वीस मीटरवर मात्र ती वीसातली एक होते. त्यात समोर उसाचं एक पान हललं की आकडा पानाचा. म्हणून अनुभवी माणूस बिबट्याकडं किरण न मारता आधी बांध, खांब, पाण्याची टाकी यांची अंतरं मोजून ठेवतो आणि जनावर त्यांच्याजवळ यायची वाट बघतो. म्हणजे यंत्र वापरायचं, आणि डोळाही.

आणि अंतर अचूक असलं तरी सगळं साधतं असं नाही. 9 डिसेंबर 2020 रोजी पुण्याच्या कोथरूडमध्ये गवा आला. तासन् तास माणसं त्याच्या मागं-पुढं धावत होती. शेवटी तो पकडला गेला, पण जगला नाही. दमछाक आणि भीती यांनीच खुरी जनावरं मरू शकतात. त्या दिवशी मोजायला हवं होतं ते अंतर डार्टचं नव्हतं, गर्दीचं होतं.

हिशेब

तेव्हा निकाल असा. हौसेच्या शिकारीसाठी ही दुर्बीण साताऱ्या-सांगलीत कायद्यानं नको, आणि शेतकऱ्याच्या ठासणीला तिचा उपयोग नाही. वनरक्षकाच्या गळ्यात आणि पशुवैद्याच्या हातात अंतर मोजणारा लेझर हवाच. मात्र त्याबरोबर झाड लक्षात ठेवायची आणि पान ओळखायची तालीमही हवी. चांगलं यंत्र अंतर सांगतं. बार टाकायचा का, हे ज्याला ठरवता येत नाही त्याच्या हाती ते देऊ नये.

उरलेलं अंतर आपल्या हातात आहे आणि त्याला लेझर लागत नाही. शेतात बिबट्या किंवा गल्लीत गवा दिसला तर मोबाईल खिशात ठेवा, पोरांना घरात घ्या, मागं सरका आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.