मोठ्या जातीच्या श्वानांचे संगोपन (लेखांक ६) : दात येण्याची मुदत आणि चावण्याचा बंदोबस्त

मागील लेखांकात पिल्लाच्या आहाराचा विचार करताना त्याच्या अस्थिवृद्धीचा जो वेग आपण पाहिला, त्याच वेगाचे दुसरे, आणि गृहस्थाला अधिक क्लेशकारक असे प्रकटीकरण म्हणजे त्याचे दात होत. ज्या पिल्लाला आल्यागेल्याने मांडीवर घ्यावे आणि ज्याने बोट चावले तरी कौतुकच करावे, तेच पिल्लू चौथा महिना लागताच पायजम्याची नाडी, खाटेचा पाया, लहान मुलांची पोटरी आणि उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेली पाहुण्यांची पादत्राणे यांवर सारख्याच निष्ठेने तुटून पडू लागते. आणि मग ‘कुत्रे वांड निघाले’ असा निकाल, आरोपीचे म्हणणे न ऐकताच, घरोघर दिला जातो. प्रस्तुत लेखांकात आरोपीची बाजू आधी मांडावी आणि बंदोबस्ताची तजवीज मागाहून सांगावी, असा विचार आहे.

श्वानाचे पिल्लू जन्मतः दंतहीन असते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्याचे दुधाचे दात हिरडीबाहेर डोकावू लागतात आणि दोन-अडीच महिन्यांत त्यांची संख्या २८ भरते. हे दात आकाराने लहान पण कमालीचे अणकुचीदार असतात. पुढे तिसरा महिना संपता संपता समोरचे दात हलू लागतात. त्यांच्यामागून सुळे, मग उपदाढा आणि सर्वांत शेवटी, दुधाच्या दातांत ज्यांना कोणी पूर्वजच नाही अशा मागच्या दाढा येतात. सातव्या महिन्यापर्यंत वरच्या जबड्यात २० आणि खालच्या जबड्यात २२ असे एकूण ४२ कायमचे दात आपापल्या जागी रुजू झालेले असतात. मोठ्या जातींत हा क्रम किंचित लवकर सुरू होतो, परंतु दातांची संख्या जातीप्रमाणे बदलत नाही; भारतीय टपाल खात्याने २००५ साली ज्याचे चित्र तिकिटावर छापले त्या मुधोळच्या हाउंडचा निमुळता जबडा घ्या किंवा ग्रेट डेनचा भरभक्कम जबडा घ्या, दोहोंची बेरीज ४२ च येते.

या अदलाबदलीची रीत पाहण्यासारखी आहे. नवा दात जुन्याला धक्का मारून बाहेर काढतो असे आपण समजतो, परंतु वस्तुतः खालून चढणाऱ्या दाताच्या दाबाने जुन्या दाताचे मूळ हळूहळू झिजून शरीरातच जिरून जाते, आणि आधार गमावलेला तो दात एखाद्या दिवशी खाण्याच्या ताटलीत सापडतो किंवा, बहुधा, पिल्लाच्या पोटात जातो. त्याने काही अपाय होत नाही. मात्र ही घडामोड चालू असेतोवर हिरड्या सुजलेल्या आणि ठणकणाऱ्या असतात, आणि एखाद्या चिवट वस्तूवर त्या दाबून धरल्याने पिल्लाला घटकाभर आराम पडतो.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, नंगीवली चौकापासून फार दूर नाही अशा एका जुन्या घरी, साडेचार महिन्यांच्या, सुलतान नावाच्या अल्सेशियनला पाहण्यासाठी नुकतेच जाणे झाले. “लई चावतंय ओ हे,” घरातल्या आजी म्हणाल्या, “हात पुढं केला की हातच धरतंय. वरडून वरडून घसा बसला माझा. नातवानं तर खाली पाय सोडून बसायचंच बंद केलंय बघा.” ही तक्रार चालू असताना सुलतान महाशय पडवीत दोन्ही पंजांमध्ये एक कोल्हापुरी चप्पल धरून, मान तिरकी करून, जबड्याच्या बाजूने तिचा अंगठा शांतपणे रगडीत होते. कातड्यावर फिकट तांबूस ओल दिसत होती. ओठ वर करून पाहिले, तेव्हा समोरचे नवे दात, ज्यांच्या कडेला तीन पाकळ्या कोरल्यासारख्या दिसतात ते, वर आलेले होते. वरच्या बाजूला दुधाचा सुळा अजून जागेवर होता आणि त्याच्या पुढच्या अंगाला नव्या सुळ्याचे पांढरे टोक हिरडी फोडून नुकतेच बाहेर पडले होते. ज्याच्या तोंडात असे बांधकाम चालू आहे, त्याला ‘काही चावू नकोस’ असे फर्मावणे म्हणजे ज्याची तामिली होणे शक्य नाही असा हुकूम काढणे होय.

परंतु पिल्लाच्या सगळ्याच चावण्याचे मूळ हिरडीत नसते, हेही तितकेच खरे. त्याचा मोठा भाग खेळाचा असतो, आणि त्या खेळात किती जोर लावावा याचे पहिले शिक्षण पिल्लाला आई आणि भावंडे देतात: जोराने चावा घेतला की भावंड किंचाळते, खेळ मोडतो, आई दूर निघून जाते. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी अनेक वर्षांच्या निरीक्षणानंतर १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या सामाजिक घडणीचा म्हणून निश्चित केला, आणि आपल्याकडेही २०१७ च्या श्वानपैदास व विक्रीविषयक केंद्रीय नियमांनी आठ आठवड्यांखालील पिल्लाच्या विक्रीस मनाई केली आहे. ‘दूध सोडलंय, घेऊन जावा’ या बोलीवर महिना-सव्वा महिन्याचे पिल्लू जो घरी आणतो, तो त्याच्या पदरात ही शाळा अर्धवट टाकूनच त्याला आणतो, आणि मग ती पुरी करण्याची जबाबदारी त्या घरातल्या माणसांवर येऊन पडते. लहान जातीच्या बाबतीत ती टाळली तरी फारसा अनर्थ होत नाही. पण पाचव्या महिन्यातच २० किलोच्या घरात जाणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत तशी कसूर परवडणारी नव्हे.

तेव्हा बंदोबस्ताचे मुख्य सूत्र असे, की चावण्यावर बंदी घालण्याचा नाद सोडून त्याला नेमणूक द्यावी. टणक रबराची खेळणी, पिळा घालून ओला केलेला आणि बर्फाच्या खणात गोठवलेला जाड सुती टॉवेल, थंड केलेले आख्खे गाजर, एवढे साहित्य घरात हाताशी असावे. टॉवेलाचे धागे सुटू लागले की तो टाकून द्यावा, कारण गिळलेला लांब धागा आतड्यात अडकून जिवावर बेततो. वस्तू किती कठीण असावी याची कसोटी सोपी आहे: अंगठ्याचे नख जिच्यात यत्किंचितही रुतत नाही, ती वस्तू पिल्लाला देऊ नये. जनावराचे शिंग, नळीचे जाड हाड यांवर जोर करताना वरच्या जबड्यातील चौथ्या उपदाढेचा कपचा उडतो, आणि तो दात पुन्हा येत नाही.

येथे कोल्हापूरच्या दोन वहिवाटींचा स्वतंत्र विचार करणे प्राप्त आहे. पहिली चपलेची. म्हशीचे कातडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावून, खिळ्याशिवाय, कातडी वादीनेच शिवलेली अस्सल कोल्हापुरी चप्पल वासाने आणि चिवटपणाने पिल्लाला जितकी प्रिय होते, तितकी बाजारातली क्वचितच एखादी वस्तू होत असेल. ‘जुनी आहे, चघळू दे’ म्हणून एक जोड त्याच्या स्वाधीन करणारा गृहस्थ हे विसरतो, की जुने आणि नवे हा भेद पिल्लाच्या दप्तरी नोंदलेला नसतो. शिवाय तुटलेला पट्टा गिळला गेला तर पोटात अडसर होतो. सबब चपला कपाटात किंवा उंच फळीवर ठेवाव्यात, हे उत्तम. दुसरी वहिवाट रविवारच्या मटणाची. रश्श्यातले हाड पिल्लापुढे टाकणे हे आपल्याकडे औदार्याचे लक्षण समजले जाते, परंतु शिजवलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या टोकदार कपच्या उडतात, आणि त्याला लागलेल्या रश्श्यातील कांदा-लसूण श्वानाच्या रक्तपेशींना घातक असतो. म्हणजे एकाच घासात दोन अपाय घडतात.

मनाई असलेली वस्तू तोंडात धरलेलीच असेल, तर ती हिसकावून घेऊ नये. हिंदुस्थानातील संस्थानी शिकारीत, आणि करवीर म्हणजे कोल्हापूरचे संस्थान तर चित्त्यांच्या शिकारीविषयी विशेष ख्यात होते, काळवीट पकडून बसलेल्या चित्त्याच्या तोंडून सावज ओढून काढण्याचे धाडस चित्तेवान करीत नसे. तो लाकडी पळीत रक्त किंवा मांस घेऊन ती त्याच्या नाकापुढे धरी, आणि चित्त्याने तिकडे तोंड वळवले की हलकेच त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवी. पिल्लाच्या बाबतीतही हाच व्यवहार चालवावा. शांतपणे जवळ बसून ‘सोड’ म्हणावे, अधिक आवडीचा खाऊ पुढे करावा, वस्तू सुटताच शाबासकी द्यावी आणि त्याच्या हक्काचे खेळणे त्याच्या तोंडी द्यावे. जे पिल्लू दरवेळी जप्तीच अनुभवते, ते वस्तू घेऊन पलंगाखाली शिरायला, गुरगुरायला किंवा घाईघाईने ती गिळून टाकायला शिकते.

अंगावर दात लागला की काय करावे? हात झटकून घेतला की पिल्लाला तो पळणाऱ्या सावजासारखा वाटतो आणि ओरडण्याने कित्येक पिल्लांना अधिकच चेव चढतो. नाकावर फटका मारण्याने तर हात ही भिण्याची वस्तू ठरते, आणि पुढे तोच हात पट्टा बांधायला किंवा औषध पाजायला गेला असता चावा बसतो. त्यापेक्षा त्या क्षणी खेळ थांबवावा, हात सैल सोडावा, नजर काढून घ्यावी आणि अर्धा मिनिट दाराआड निघून जावे; परत आल्यावर शांत असेल तर खेळ पुन्हा सुरू करावा. ही युक्ती सफल होण्याची अट एकच, की घरातल्या प्रत्येकाने ती पाळावी. आजोबांनी हसावे, नातवाने किंचाळत पळावे आणि थोरल्याने तालमीत शिकलेला डाव पिल्लावर अजमावावा, असा तिहेरी अंमल ज्या घरात चालतो तेथे पिल्लाने कोणाचा कायदा पाळावा? मंगळवार पेठेसारख्या तालमींच्या वस्तीत पिल्लाशी हाताने कुस्ती धरण्याचा मोह तरुणांना आवरत नाही, हे मी जाणतो. परंतु चौथ्या महिन्यात ज्या मनगटाला दात लावण्याची मुभा मिळाली, ते मनगट पिल्लू वर्षाचे झाल्यावरही आपल्या खेळण्यातच मोजते.

याखेरीज झोपेचा हिशेब तपासावा. या वयाचे पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपू शकते आणि तेवढी झोप त्याला हवीही असते. दाटीच्या घरात, मुलांच्या वर्दळीत ती मोडते, आणि दिवेलागणीच्या सुमारास जे पिल्लू वेड्यासारखे सर्वांच्या पोटऱ्यांवर धावून जाते, ते पुष्कळदा केवळ थकलेले असते. त्याला अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात निजू द्यावे.

आता दाताच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या दोन गैरसमजांविषयी. अल्सेशियनचे उभे राहिलेले कान दात बदलण्याच्या काळात अनेकदा पुन्हा पडतात. मालक घाबरून कॅल्शियमच्या बाटल्या पाजू लागतो. समतोल आहार चालू असताना वरून दिलेले कॅल्शियम मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला रोखता येत नाही, ते अंगात भिनते आणि हाडे-सांधे वाकडे होतात. कान बहुधा दात पुरे झाल्यावर आपोआप उभे राहतात. दुसरा समज याहून घातक. लहान मुलाला दात येताना जुलाब होतात, या घरगुती श्रद्धेने पिल्लाचे जुलाब, उलट्या आणि ताप दोन दिवस अंगावर काढले जातात. पण १९७८ पासून जगभर पसरलेला पार्व्हो हा आतड्याचा रोग नेमक्या याच वयाची पिल्ले नेतो, आणि त्यात झालेली दिरंगाई भरून येत नाही. ठणक कमी व्हावी म्हणून माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयब्युप्रोफेन, तर चुकूनही देऊ नयेत.

आठवड्यातून एकदा ओठ वर करून तोंड तपासावे. एकाच जागी दुधाचा आणि कायमचा असे दोन दात नांदत असल्याचे दिसले, तर पशुवैद्याला दाखवावे. जुना वेळेवर काढला नाही तर नवा वाकडा येतो आणि खालचा सुळा टाळूत रुतू लागतो. नवे दात खडबडीत, खळगे पडलेले आले, तर पिल्लाला लहानपणी डिस्टेंपर होऊन गेला होता काय याची चौकशी करावी, कारण त्या तापात हिरडीखाली घडत असलेले दंतवल्क अधुरे राहते.

शेवटची बाब सर्वांत गंभीर. रेबीजची पहिली लस तिसऱ्या महिन्यात टोचली जाते आणि दात बदलण्याचा आरंभही त्याच सुमारास होतो. म्हणून ही तारीख चुकवू नये. पिल्लू घरचे आहे, खेळता खेळता लागले, असे म्हणून रक्त आलेली जखम हळद दाबून झाकू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने ती १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जावे. लस देण्याचे ठरले तर त्वचेतील टोचणीचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असतात, आणि पहिल्या टोचणीनंतर बरे वाटते म्हणून उरलेल्या चुकवणे हा मूर्खपणा होय.

सातवा महिना उलटला की दातांची मुदत संपते. त्यानंतरही कुत्रे माणसाच्या अंगाला तोंड लावीत असेल, तर हिरडीची सबब त्याला उरत नाही, आणि ‘अजून लहान आहे’ ही सबब आपल्यालाही उरत नाही. कारण तोपर्यंत त्याच्या जबड्यात पूर्ण वाढीचे सुळे आलेले असतात, आणि त्यांचा वापर कोठे करावा हे त्याने मधल्या तीन-चार महिन्यांत आपल्याच घरात शिकून घेतलेले असते. पुढील लेखांकात गळ्यातला पट्टा आणि साखळी यांचा विचार करू, म्हणजे मिरजकर तिकटीच्या गर्दीतून कुत्र्याने माणसाला न ओढता माणसाने कुत्र्याला कसे न्यावे, हे पाहता येईल.