लहान मुलांचे ख्रिस्ती धर्मशिक्षण आणि मराठी शब्दांचे पूर्वसंस्कार

लहान मुलांना धर्मातील गहन कल्पना केव्हा व कशा शिकवाव्यात, हा प्रश्न शिक्षणशास्त्रात बहुधा वयाचा प्रश्न म्हणून मांडला जातो. रोनाल्ड गोल्डमन यांच्या १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने या मांडणीस मोठे बळ दिले. जळते झुडूप, तांबड्या समुद्रातून झालेले निर्गमन आणि येशूची परीक्षा या बायबलमधील तीन कथा त्यांनी दोनशे इंग्रज विद्यार्थ्यांना ऐकविल्या, त्यांवर प्रश्न विचारले आणि मिळालेली उत्तरे प्याजे यांच्या विकासक्रमाशी ताडून पाहिली. सुमारे तेरा वर्षांपर्यंत मूल धार्मिक कल्पनांचा अर्थ मूर्त व शब्दशः घेते, हा त्यांचा निष्कर्ष होय. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाला. तो येथे अभिप्रेत नाही. मराठी मुलाच्या बाबतीत वयाइतकीच दुसरी एक अडचण असते, आणि तिच्याकडे आमच्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही, एवढेच येथे दाखवावयाचे आहे. ही अडचण शब्दांची आहे. अवतार, पाप, प्रायश्चित्त, आत्मा, प्रसाद हे शब्द शब्बाथशाळेत येण्यापूर्वीच मुलाच्या कानावर पडलेले असतात आणि अर्थाने भरलेले असतात. शिक्षक मात्र ते रिकामे आहेत असे समजून त्यांत आपला अर्थ ओतू पाहतो.

हा प्रश्न नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांना तो गोव्यात सतराव्या शतकाच्या आरंभीच जाणवला होता. त्यांनी दोन ग्रंथ रचले. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. ते ओवीबद्ध मराठीत, पुराणाच्या घाटात, श्रोत्यांच्या शंकांना उत्तरे देत पुढे जाते. दुसरा ग्रंथ कोंकणीतील प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचा. तो त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली निघाला. पुराण आणि प्रश्नोत्तरे या दोन वाटा येथूनच फुटतात, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांनी मुलांसाठी मुख्यत्वे दुसरी वाट धरली. वेस्टमिन्स्टरच्या लघु प्रश्नोत्तरावलीत १०७ प्रश्न आहेत, आणि स्कॉटिश परंपरेत ते मुखोद्गत असणे हीच धर्मज्ञानाची कसोटी मानली जाई. पाठांतराला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. पाढेही आपण तसेच शिकलो. परंतु पाठ केलेल्या उत्तरातून शब्द येतो, त्या शब्दाने मुलाच्या मनात काय उभे केले ते मात्र कळत नाही. १८७३ साली अमेरिकन मिशनने सुरू केलेल्या ‘बालबोधमेवा’ या मासिकाने गोष्टी व चित्रे यांच्या द्वारे मुलांशी बोलण्याची वाट मोकळी केली, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे.

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळू. लातूर जिल्ह्यातील मुरुड आणि त्याच्या आसपासचा मुलूख घ्या. येथून तेर फार दूर नाही, आणि तेर म्हणजे गोरोबाकाकांचे गाव. विठ्ठलनामात रंगून चिखल तुडविताना गोरोबांच्या पायाखाली त्यांचे तान्हे मूल आले. पुढे शपथभंग झाला म्हणून त्यांनी आपले हात तोडून घेतले. आणि पंढरीस नामदेवांच्या कीर्तनात हातही परत आले, मूलही रांगत आले. ही कथा या भागातील मूल, मग ते कोणत्याही धर्माच्या घरातले असो, कुठे ना कुठे ऐकतेच. अशा मुलास शिक्षक ईस्टरच्या दिवशी सांगतो की येशू मेला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जिवंत झाला. मुलाला यात अवघड काहीच वाटत नाही. ते चटकन मान हलविते, कारण त्याच्या मनात एक जागा आधीच तयार असते. शिक्षकाला वाटते, समजले. खरी अडचण येथेच सुरू होते.

ख्रिस्ती धर्मशास्त्रात लाजराचे जिवंत होणे आणि येशूचे पुनरुत्थान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लाजर, याईराची मुलगी, नाईन गावच्या विधवेचा मुलगा ही माणसे आपल्या पूर्वीच्याच आयुष्यात परत आली आणि केव्हा तरी पुन्हा मरण पावली. पुनरुत्थित येशू पूर्वीच्या आयुष्यात परत येत नाही. त्याच्यावर मरणाची सत्ता पुन्हा चालावयाची नाही, असे पौल रोमकरांस लिहितो. हा भेद आठ वर्षांच्या मुलास तत्त्वरूपाने सांगता येणार नाही हे उघड आहे. परंतु गोरोबांच्या कथेशेजारी तो ठेवला तर दिसू शकतो. गोरोबांचे हात परत आले ते पूर्वीसारखे धड. तुटल्याची खूण राहिली नाही. उलट शिष्यांपुढे उभा राहिलेला येशू आपले हात दाखवितो, आणि त्यांवर खिळ्यांचे व्रण तसेच आहेत. व्रण का राहिले, असा प्रश्न मुलाने विचारला की पुनरुत्थानाचा पाठ खऱ्या अर्थाने सुरू झाला. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. हा भेद दाखविण्यासाठी तेरच्या कथेला खोटी किंवा हलकी ठरविण्याची मुळीच गरज नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत. पूल मोडून पलीकडे जाता येत नाही, हे निदान शिक्षकाने तरी विसरू नये.

त्रैक्याची कल्पना याहून अवघड, पण तिचा विचार थोडक्यात आटोपता येईल. ‘एका देवात तीन व्यक्ती’ या वाक्यातील ‘व्यक्ती’ हा शब्दच घातक आहे. लॅटिन धर्मशास्त्रातील संज्ञेचा तो पर्याय असला तरी मराठीत व्यक्ती म्हणजे माणूस, आणि तीन व्यक्ती म्हणजे तीन माणसे. मूल मोजते, किंवा भिंतीवरच्या तसबिरीतील तीन शिरांचा दत्त त्याच्या डोळ्यांपुढे येतो. शिक्षक मग उपमांचा आश्रय घेतो. संत पॅट्रिकच्या तिपानी रोपट्याची गोष्ट मराठवाड्यात बेलाच्या पानाने सांगता येईल. पण बेलाचे प्रत्येक दल हा पानाचा एक तृतीयांश भाग असतो, आणि पिता हा देवाचा एक भाग आहे असे तर कोणताच पंथ मानीत नाही. पाणी, बर्फ व वाफ ही उपमा लोकप्रिय खरी, पण एकच देव तीन सोंगे घेतो हा तिचा इत्यर्थ चर्चने तिसऱ्या शतकातच नाकारलेला आहे. आमच्या मते लहान मुलांच्या वर्गात येथे व्याख्या न करणेच बरे. येशू प्रार्थना करीत होता, ती तो कोणाला करीत होता, एवढा एक प्रश्न मुलांच्या मनात राहू द्यावा.

प्रायश्चित्ताच्या बाबतीत मात्र गप्प बसून चालत नाही. तेथे मुलाच्या मनात भीती शिरण्याचा संभव असतो. मराठीत प्रायश्चित्त ज्याचे त्याने घ्यावयाचे असते. एकाच्या पापाचे प्रायश्चित्त दुसऱ्याने घेतले, हे वाक्य मराठी कानाला अन्यायाचे वाटते, आणि मुलांचा न्यायाविषयीचा आग्रह तर मोठ्यांहून कडक असतो. त्यातच ‘देवाचा कोकरा’ हा शब्दप्रयोग येतो. गावच्या जत्रेत बोकड कापलेला ज्याने पाहिला आहे, त्या मुलापुढे कोपलेली देवता, तिला शांत करावयाचे रक्त आणि बळी जाणारे मुके जनावर हे सारे चित्र उभे राहते, आणि त्यात बाप आपल्याच मुलाचा बळी मागतो. काही मराठी अनुवादांत व प्रवचनांत ‘खंडणी’ हा शब्दही आढळतो. वर्तमानपत्रांनी या शब्दाची आज काय दशा केली आहे ते सांगावयास नको. खंडणी कोणाला दिली, असे मुलाने विचारले तर शिक्षकाने त्याला दटावू नये. हाच प्रश्न चौथ्या शतकात विचारला गेला होता. ती सैतानाला दिली असे निस्साच्या ग्रेगरीने मानले, आणि नाझियान्झसच्या ग्रेगरीने ते मत धिक्कारले. ज्या उपमेचा पाठपुरावा चर्चच्या आचार्यांनाही शेवटपर्यंत करता आला नाही, ती उपमाच सिद्धान्त म्हणून मुलांच्या माथी मारणे योग्य नव्हे.

येथे याच भूमीतले दुसरे एक चित्र अधिक उपयोगी पडते. पिके निघाल्यावर धनगर आपला कळप शेतात बसवितात. रात्री राखण करतात, आणि आपले मेंढरू दुसऱ्याच्या कळपातूनही ओळखतात. १९५४ पासून सोफिया काव्हालेत्ती व जान्ना गॉब्बी यांनी रोममध्ये माँटेसरी पद्धतीने धर्मशिक्षणाचे प्रयोग केले, त्यांतही उत्तम मेंढपाळाचा दृष्टान्त तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मध्यवर्ती ठरला. मेंढरासाठी जीव धोक्यात घालणारा माणूस मुलाला समजतो. मराठी प्रॉटेस्टंट मंडळीत धर्मगुरूस ‘पाळक’ म्हणतात, तेही याच चित्रातून.

राहिला दुःखाचा प्रश्न. लातूर जिल्ह्यात तो पुस्तकी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतिविसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारी व परिसरातील गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्या वेळची मुले आज स्वतः आईबाप आहेत, आणि त्यांच्या घरी ती रात्र अजून सांगितली जाते. देवाने असे का केले, हा प्रश्न मूल विचारणारच. त्याला तयार उत्तरे दोन मिळतात: देवाचा कोप, किंवा नशीब. ख्रिस्ती शिक्षकाने पहिल्याची री ओढली तर ते शुभवर्तमानाच्या विरुद्ध होईल. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असे विचारून येशूने स्वतःच नकार दिल्याचे लूकच्या तेराव्या अध्यायात आहे. जन्मांध माणसाच्या कथेतही त्याचे वा त्याच्या आईबापांचे पाप हे कारण येशू नाकारतो. असे असता बुरुजाचा हा उतारा मुलांच्या पाठांत क्वचितच घेतला जातो. त्यात चमत्कार नाही, चित्र नाही आणि शेवट गोड नाही. किल्लारीच्या मुलखात मात्र दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद कोसळून माणसे कशी दगावली, हे मुलास घरातूनच ठाऊक असते. भिंती का पडल्या याचे उत्तर भूगोलाच्या व बांधकामाच्या पाठात आहे, आणि ते शिक्षकाने आधी द्यावे. मेलेली माणसे वाईट नव्हती, हे त्यानंतर बुरुजाची गोष्ट सांगून म्हणावे. मग देव त्या रात्री कोठे होता, असे एखाद्याने विचारलेच, तर त्या मुलाजवळ बसून राहावे. वर्गातील पुढचा पाठ दुसऱ्या दिवशी घेता येतो.