वस्तऱ्याचीही युनिट टेस्ट असते!

तुळजापूर आणि धार हे दोन शब्द एकत्र आले की डोळ्यांसमोर काय येतं? भवानी तलवार! देवीने शिवाजी महाराजांना तलवार दिल्याची कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. पण या गावात रोजच्या रोज कामाला येणारी धार वेगळी आहे. ती असते वस्तऱ्याची.

तुळजाभवानी ही महाराष्ट्रातल्या असंख्य घरांची कुलदेवता. त्यामुळे बाळाचं जावळ तिच्या दारी काढायची रीत अनेक घरांत आहे. कदाचित तुमचंही तिथेच निघालं असेल. मामाच्या मांडीवर बाळ हातपाय झाडतंय, आजी खुळखुळा वाजवतेय, कुणीतरी मोबाइलवर शूटिंग करतंय. आणि या गोंधळात नाभिक कारागिराचा हात त्या कोवळ्या डोक्यावरून फिरतोय. वर्षाच्या आतबाहेरच्या बाळाची टाळू कित्येकदा पूर्ण भरलेलीही नसते.

आता सांगा, अशा वेळी वस्तरा कसा हवा? ‘जरा कमी धारेचा, म्हणजे लागणार नाही’ असं तुम्हाला वाटत असेल तर उत्तर चुकलं. बोथट वस्तऱ्याला दाब द्यावा लागतो. दाब दिला की केस कापला न जाता ओढला जातो, त्याबरोबर कातडीही ओढली जाते आणि हात सटकायची शक्यता वाढते. त्यात जावळाचा केस बारीक आणि मऊ. बोथट पात्यापुढे तो नुसता वाकतो. म्हणून सगळ्यात नाजूक डोक्याला सगळ्यात चांगली धार लागते.

पण धार चांगली झाली हे ओळखायचं कसं?

डोळ्यांना न दिसणारी गोष्ट

माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. नीट लावलेल्या वस्तऱ्याच्या धारेचं टोक एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असतं, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाच्या आसपास. ते नुसत्या डोळ्यांना दिसणं शक्यच नाही. म्हणून पिढ्यान् पिढ्या धोकटी खांद्याला लावून फिरणाऱ्या कारागिरांनी नख, बोट आणि केस यांनाच मोजमापाची साधनं केलं. आज जगभर हौसेने वस्तरे वापरणारेही जवळपास याच चाचण्या करतात. गंमत अशी की प्रत्येक चाचणीची वेळ ठरलेली असते.

सुरुवात भरड दगडावर, साधारण १००० नंबरच्या. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून पातं धारेच्या दिशेने पुढे ढकलायचं. पाठ टेकलेली असल्यामुळे कोन आपोआप राखला जातो. इथे पहिली परीक्षा उजेडाची. धार वर करून दिव्याखाली धरा. कडेवर पांढरी रेघ किंवा ठिपका चमकला तर तिथे धार बोथट आहे, कारण उजेड परावर्तित व्हायला तिथे सपाट जागा शिल्लक आहे. खरी धार चमकत नाही. दुसरी युक्ती मार्करची. धारेच्या उतारावर परमनंट मार्कर फिरवा आणि दगडावर दोन-चार हात मारा. शाई जिथे उरली, तिथे दगड पोचलेलाच नाही.

याच टप्प्यावर नखाची परीक्षा येते. ओल्या नखावरून वस्तरा त्याच्या स्वतःच्या वजनानेच हळूच ओढायचा. नुसता घसरला तर धार नाही. सगळीकडे सारखा धरत गेला तर पाया जमला. मध्येच टक्कन अडला तर तिथे खाच आहे. पण बारीक दगडावर धार गुळगुळीत केल्यावर ही परीक्षा घेतली तर नखच धार बिघडवू शकतं. म्हणजे पेपर बरोबर, पण वेळ चुकीची.

पुढे ८००० किंवा १२००० नंबरच्या दगडावर अंगठ्याची परीक्षा. धारेवर अंगठा आडवा, अगदी हलकाच टेकवून बघायचा. चांगली धार कातडीला चिकटल्यासारखी लागते. अंगठा धारेच्या लांबीवरून मात्र कधीच सरकवायचा नाही, नाहीतर निकाल रक्तात लागतो. ही परीक्षा शिकलेल्या हातासाठीच आहे, रील बघून करण्यासाठी नाही.

शेवटची परीक्षा लोंबत्या केसाची. एक केस बोटांत धरून वस्तऱ्यावर हळूच सोडायचा. टपकन तुटला तर पास. पण इथेही मेख आहे. केस जाड की बारीक, कोरडा की ओला, बोटापासून किती अंतरावर धरला, यावर निकाल बदलतो. म्हणून जाणकार दरवेळी एकाच माणसाचा केस त्याच पद्धतीने वापरतात. सायन्सच्या प्रॅक्टिकलमध्ये आपण बाकीच्या गोष्टी स्थिर ठेवतो ना, तसंच हे.

खोटा पास

जास्त घासलं की धारेवर लोखंडाची पातळ, दुमडलेली कड तयार होते. ती केस झटकन कापते आणि परीक्षेत पहिला नंबर काढते. पहिल्या हजामतीतच ती मोडते आणि वस्तरा खरवडायला लागतो. म्हणून दगडानंतर चामोटी. चामड्याच्या या पट्ट्यावर वस्तरा उलट्या दिशेने, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, फिरवतात. चामोटी धार सरळ आणि गुळगुळीत करते, पण दगडावरचं अर्धवट काम भरून काढत नाही. शेवटचा निर्णय तरी प्रत्यक्ष दाढीच देते.

लोखंडापुढे केस तो काय, असं वाटतं ना? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की पोलादापेक्षा सुमारे पन्नासपट मऊ असलेला केससुद्धा धारेचे बारीक कपचे उडवू शकतो. केस वाकला आणि पोलादाच्या नेमक्या कच्च्या जागी भिडला की कपचा निघतो. ओला केस मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. ‘बिनपाण्याने हजामत’ हा वाक्प्रचार उगाच नाही पडला!

तुमची परीक्षा

आज बहुतेक सलूनमध्ये दगड आणि चामोटी दिसत नाही. वस्तऱ्याच्या खाचेत अर्धं ब्लेड घालतात आणि गिऱ्हाईक उठलं की टाकून देतात. हा बदल गरजेचाच होता. हेपॅटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो आणि एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर फिरणारं पातं त्याला रस्ता करून देतं. धार कितीही अप्रतिम असली तरी पातं स्वच्छ आहे का, हे नख, अंगठा किंवा केस सांगू शकत नाही.

म्हणून पुढच्या वेळी सलूनच्या खुर्चीत बसलात किंवा भाच्याला मांडीवर घेऊन तुळजापूरला जावळासाठी बसलात, तर कानातले इअरफोन काढा आणि दोन गोष्टी बघा. ब्लेड तुमच्यासमोर पाकिटातून निघालं का? केस नीट भिजवले का? नसतील तर ‘काका, नवीन ब्लेड घ्या ना’ एवढं म्हणायला लाजू नका. चांगला कारागीर रागावत नाही.

आणि हो, सेमिस्टरच्या मधल्या टेस्टमध्ये मार्क कमी पडले की लगेच ‘मी बोथट आहे’ असं ठरवून टाकणाऱ्यांसाठी. वस्तरा नखावरून घसरला म्हणून कुणी तो फेकून देत नाही. खाच कुठे आहे ते बघतात आणि पुन्हा त्याच दगडावर बसतात. ती खाच शोधायलाच तर मधली टेस्ट असते.