सिम कापायचे दिवस

कराडच्या एसटी स्टँडजवळ माझ्या मामाचं मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. 2011 ते 2016 या काळात, कॉलेज सुटलं की संध्याकाळी मी तिथं काउंटरवर बसायचो. रिचार्ज, कव्हर, स्क्रीनगार्ड ही रोजची कामं. पण त्या पाच वर्षांत माझ्या हाताला खरं वळण लावलं ते सिम कापण्यानं. आता ते काम जवळजवळ संपलंय. संपलेल्या कामाचा हिशेब कुणीतरी मांडून ठेवावा, म्हणून हे लिहितोय.

सिमकार्डाचा जन्म 1991 चा. म्युनिकच्या गीझेके अँड डेव्हरिएंट या कंपनीनं पहिली 300 कार्डं फिनलंडच्या रेडिओलिंजाला विकली. ते कार्ड आजच्या एटीएम कार्डाएवढं होतं, 85.6 बाय 54 मिलिमीटर, आणि अख्खं फोनमध्ये सरकवलं जायचं. फोन लहान झाले तसं कार्डही 25 बाय 15 वर आलं. भारतात 31 जुलै 1995 रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला, तेव्हापासून पुढची पंधरा-सोळा वर्षं आपण 'सिम' म्हणून ओळखलं ते हेच माप. मोठ्या कार्डातून ते अंगठ्यानं दाबून काढायचं, बॅटरीखालच्या खाचेत बसवायचं, एक कोपरा तिरका असल्यामुळं उलटं बसायचा प्रश्न नाही. 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि हे कार्ड गावोगावच्या खिशांत गेलं. लोक फोन बदलत, सिम तेच राही. त्यात माणसांची नावं साठलेली असत, साधारण दोन-अडीचशे.

मग 2010 मध्ये आयपॅड आणि आयफोन 4 आले. त्यांची खाच होती मायक्रो सिमची, 15 बाय 12 मिलिमीटर. हे माप मानकात आधीपासून होतं, पण आमच्याकडं कुणी पाहिलेलं नव्हतं. आमच्या दुकानात ते पहिल्यांदा आणलं दुबईहून सुट्टीवर आलेल्या एका तरुणानं. त्याचा फोन नवा, सिम गावातलं जुनं, आणि मायक्रो सिम मिळायचं तर सातारा गाठावा लागणार होता. मामानं सिम हातात घेऊन उलटंपालटं केलं, दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं आणि रात्री एका बंद पडलेल्या सिमवर कात्री चालवून पाहिली.

कापता येतं, कारण सिम म्हणजे बहुतेक प्लॅस्टिकच. खरी चिप सोनेरी पट्टीच्या मध्यभागी, खालच्या बाजूला, काही मिलिमीटरच्या जागेत बसलेली असते. फोनच्या पिना त्या पट्टीला टेकतात आणि तिथूनच वीज, घड्याळाचे ठोके व माहिती आतबाहेर होते. बाकी सगळी चौकट केवळ धरण्यापुरती. सुरुवातीला आम्ही मापाचा नमुना कागदावर छापून सिमला चिकटवायचो, त्यावरून कात्री फिरवायची आणि कडा कानशीनं घासायच्या. पट्टी एका बाजूला अर्धा मिलिमीटर सरकली तरी फोन सिम ओळखायचा नाही. वर्षभरात स्टेपलरसारखा कटर मिळू लागला. सिम आत ठेवायचं, तिरका कोपरा जुळवायचा आणि एका दमात दाबायचं. अर्धवट दाबलं की कड चिरायची. सुटलेली चौकट मामा फेकून देत नसे. काउंटरखालच्या बरणीत टाकायचा.

2012 च्या शेवटी आयफोन 5 बरोबर नॅनो सिम आलं, 12.3 बाय 8.8 मिलिमीटर. 1991 च्या कार्डाच्या क्षेत्रफळाचा जवळपास त्रेचाळिसावा भाग. या मापावरून युरोपातल्या एट्सी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेत अॅपल आणि नोकिया यांच्यात मोठा वाद झाला होता. नवं कार्ड मायक्रोच्या खाचेत आडवं शिरून अडकेल, हा नोकियाचा एक आक्षेप होता. मायक्रोची रुंदी 12 आणि नॅनोची लांबी 12.3. हे वरचे 0.3 मिलिमीटर मला फार मोलाचे वाटतात. अनोळखी माणसाच्या हातून चूक होऊ नये, म्हणून कुणीतरी केलेला तो विचार आहे.

आमच्यासाठी नॅनो म्हणजे परीक्षाच होती. प्लॅस्टिक जवळजवळ उरतच नव्हतं. जुन्या सिमची सोनेरी पट्टीच या मापापेक्षा मोठी असायची, त्यामुळं कटर तिच्या कडेवरून जायचा. शिवाय जाडी 0.76 वरून 0.67 वर आलेली. म्हणून कापल्यावर सिमची मागची बाजू पॉलिशपेपरवर हलक्या हातानं घासावी लागे, नाहीतर ट्रे अडकायचा.

2013 च्या पावसाळ्यात एक निवृत्त आजोबा आले. मुलानं नवा फोन घेऊन दिला होता. सिम दहा वर्षांपूर्वीचं. मी घाई केली. कटरमधून सिम निघालं तेव्हा पट्टीच्या मध्यापर्यंत बारीक रेघ गेलेली दिसली. फोननं सिम ओळखलं नाही, जुन्या फोननंही नाही. मामा त्यांना घेऊन कंपनीच्या कार्यालयात गेला. ओळखपत्र दाखवून डुप्लिकेट सिम मिळालं आणि संध्याकाळपर्यंत नंबर पुन्हा सुरू झाला. तेव्हा मला पहिल्यांदा नीट उमगलं की नंबर सिममध्ये नसतोच, तो कंपनीच्या नोंदवहीत असतो. सिममध्ये असते ती फक्त 'हाच तो माणूस' असं पटवणारी गुप्त किल्ली. ती बदलून मिळते. पण आजोबांनी दहा वर्षांत साठवलेली नावं त्या चिपमध्येच होती, आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी वही घेऊन बसलो. त्यांना आठवले ते नंबर लिहिले, जुन्या फोनच्या कॉल यादीतले जुळवले. बरीच नावं जमली, सगळी नाहीत. आजोबा एक शब्दही बोलले नाहीत, चहा मात्र दोनदा दिला. त्या दिवसापासून दुकानात नियम झाला: नावं आधी फोनमध्ये उतरवायची, ती गिऱ्हाइकाला दाखवायची, मगच कटरला हात लावायचा.

2014 मध्ये मोटो जी आणि मोटो ई आले, मग शाओमीचे फोन, आणि कापायला येणारी गर्दी आयफोनवाल्यांची उरली नाही. शेतकरी, नर्स, रिक्षावाले, सगळेच येऊ लागले. 2016 च्या रेडमी नोट 3 मध्ये एकाच ट्रेमध्ये एक मायक्रो, आणि शेजारी नॅनो सिम किंवा मेमरी कार्ड, दोन्हीपैकी एकच. काही मुलं सिमचं प्लॅस्टिक पूर्ण सोलून नुसती चिप मेमरी कार्डावर चिकटवायची. आम्ही ते कधी केलं नाही. चिकटवलेली चिप सुटली, तर फोनच्या पिना वाकतात.

ही कारागिरी दोन गोष्टींनी संपली. एक, कंपन्याच तीन मापांच्या रेघा पाडलेलं कार्ड देऊ लागल्या. दुसरं, 4जी. जुन्या 2जी सिमवर 4जी चालत नाही, त्यासाठी आतली चिपच नवी लागते. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि लोकांनी कार्डं बदलली. पाच वर्षं आम्ही जी चिप जिवापाड जपत प्लॅस्टिक कापत होतो, तीच जुनी ठरली.

आता ई-सिमचे दिवस आहेत. 2022 मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन 14 ला सिमची खाचच नव्हती. पाणी शिरायला एक वाट कमी, प्रवासात दुसऱ्या देशाचा नंबर घरबसल्या, चोराला सिम काढून फेकता येत नाही. हे फायदे खरे आहेत. तरी मला मनापासून वाटतं की आपल्याकडं काढता येणारं कार्ड बराच काळ राहावं. फोन पाण्यात पडला तर शेजाऱ्याच्या फोनमध्ये सिम घालून बँकेचा ओटीपी घेणारी माणसं मी रोज पाहिली आहेत. त्यांना क्यूआर कोड लागत नाही, कंपनीच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. स्वतःचा नंबर स्वतःच्या चिमटीत धरून एका फोनमधून दुसऱ्यात नेता येणं ही साध्या माणसाला मिळालेली मोठी मोकळीक होती, आणि आम्ही कटर चालवत होतो तो ती टिकावी म्हणूनच.

गेल्या दिवाळीत मी दुकानात गेलो होतो. एक बाई त्यांच्या सासूबाईंचा टचस्क्रीन फोन घेऊन आल्या. सासूबाईंना तो जमत नव्हता, पुन्हा बटणांचा फोन हवा होता. त्याची खाच जुन्या मोठ्या मापाची आणि सिम नॅनो. मामानं काउंटरखालून ती बरणी काढली, दोन-तीन चौकटी लावून पाहिल्या, एक नेमकी बसली. सिम निसटू नये म्हणून मागून पातळ टेप लावली, फोन सुरू केला आणि रेंज येईपर्यंत हातात धरून उभा राहिला. मग सासूबाईंना फोन लावायला सांगितला. त्यांनी मुलीचा नंबर पाठ होता तसा, एकेक बटण दाबत, लावला.